नव्या स्मार्टफोनला रेंज कमी मिळते तेव्हा: दोष शोधण्याची रीत

नवा फोन घरी येतो, जुन्यातले सिम काढून त्यात घातले जाते, आणि ज्या खुर्चीत बसून गेली चार वर्षे विनासायास बोलणे होत होते त्याच खुर्चीत आता समोरच्याचा आवाज तुटू लागतो. असे झाले की बहुतेक जण फोनला नावे ठेवतात किंवा सिमच्या कंपनीला. प्रत्यक्षात दोष चार ठिकाणी असू शकतो: जागेत, सिममध्ये, फोनच्या मांडणीत (म्हणजे सेटिंगमध्ये) किंवा खुद्द फोनच्या अँटेनात. यांतला शेवटचा सर्वांत विरळा असतो. तरीही लोक सुरुवात तिथूनच करतात आणि सर्व्हिस सेंटरमध्ये दोन फेऱ्या घालून हात हलवत परत येतात. पुढचा क्रम ज्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये फारसे डोकावलेले नाही अशांसाठी लिहिला आहे. बिनखर्चाचे आणि पाच मिनिटांत होणारे प्रयोग त्यात आधी घेतले आहेत.

एक गोष्ट मात्र सर्वांत आधी करावी: बिलावरची तारीख आणि विक्रेत्याची बदलून देण्याची मुदत पाहून ठेवावी. ही मुदत अनेक ठिकाणी सात दिवसांची असते आणि ती संपल्यावर सदोष फोन बदलून मिळत नाही, वॉरंटीत दुरुस्त होऊन मिळतो. म्हणून खाली सांगितलेल्या चाचण्या पहिल्या तीन-चार दिवसांत उरकाव्यात आणि तोवर खोके फेकू नये.

तक्रार नेमकी कोणती?

‘रेंज नाही’ या दोन शब्दांत आपण निरनिराळे आजार कोंबतो. दांड्या पूर्ण दिसत असूनही इंटरनेट चालत नसेल तर तो बहुधा रेंजचा प्रश्न नसतो. डेटा संपलेला असतो, टॉवरवर गर्दी असते, किंवा नव्या फोनमध्ये इंटरनेटसाठी लागणारी ‘एपीएन’ ही नोंद चुकीची असते. शेवटच्या प्रकारात मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ॲक्सेस पॉइंट नेम’ उघडावे, तिथे आपल्या कंपनीचीच नोंद निवडलेली आहे ना ते पाहावे, आणि शंका असल्यास त्या नोंदी मूळ स्थितीला आणण्याचा पर्याय वापरावा.

दुसरी स्थिती ‘फक्त आपत्कालीन कॉल’ अशी पाटी दिसण्याची. ही पाटी वाचून घाबरण्याऐवजी तिचा अर्थ लावावा. फोनला कुठल्या ना कुठल्या टॉवरची लहर मिळते आहे, पण तुमचे सिम त्यावर नोंदवले गेलेले नाही, एवढेच ती सांगते. आपल्या कंपनीचा टॉवर नसला तरी ११२ हा कॉल दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून जाऊ शकतो, म्हणून ती पाटी असते. अशा वेळी अँटेना बहुधा शाबूत असतो आणि शोध सिमकडे, सेटिंगकडे किंवा आपल्या कंपनीच्या टॉवरकडे वळवावा लागतो. याउलट, चार लोकांचे फोन चालू असलेल्या भर बाजारपेठेतही ‘नो सर्व्हिस’ येत असेल आणि आपत्कालीन कॉलची पाटीही दिसत नसेल, तर फोनवरचा संशय बळावतो.

तिसरा प्रकार एकतर्फी आवाजाचा. ‘मला तुझे ऐकू येते, तुला माझे ऐकू येत नाही’ हे कमकुवत रेंजचे खास लक्षण आहे. टॉवर कित्येक वॅटनी बोलतो, आपला फोन ४जीवर फार तर एक पंचमांश वॅटनी उत्तर देतो. टॉवरची हाक आपल्यापर्यंत येते, आपली ओ तिथवर पोचत नाही. रेंज जितकी कमी तितका फोन अधिक जोराने ओरडतो. म्हणून कमी रेंजच्या खोलीत नवा फोन गरम होतो आणि त्याची बॅटरी दुपारीच मान टाकते. बॅटरी वाईट निघाली असे म्हणून कित्येक जण तक्रार करतात. तिचे मूळ पुष्कळदा इथे असते.

नवे सिम घेतले असेल तर आणखी एक गैरसमज टाळावा. हरवलेल्या किंवा जुन्या सिमच्या बदल्यात नवे सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत आणि जातही नाहीत. फसवणूक टाळण्यासाठी ही बंदी मुद्दाम घातलेली आहे. बँकेचा ओटीपी आला नाही म्हणून या दिवशी फोन वर धरून गच्चीवर फिरण्यात अर्थ नाही.

दांड्या सोडा, आकडा पाहा

वरच्या कोपऱ्यातल्या दांड्यांवर फार विश्वास ठेवू नये. किती लहरीला किती दांड्या दाखवायच्या हे सर्वांनी सारखे पाळावे असा नियम नाही. एका फोनमध्ये तीन दांड्या दिसतात तिथे दुसरा दोन दाखवतो, आणि प्रत्यक्षात दोघांना मिळणारी लहर सारखीच असते. नव्या फोनच्या रेंजबद्दलची निम्मी कुरकुर इथेच मिटते असे माझे मत आहे.

खरा आकडा ‘डीबीएम’ या एककात मिळतो. पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग ‘फोनविषयी’, मग ‘सिम स्टेटस’ असे गेले की ‘सिग्नल स्ट्रेंथ’ या ओळीत तो दिसतो. तिथे नसेल तर कॉल लावण्याच्या पाटीवर *#*#४६३६#*#* दाबून पाहावे. अनेक कंपन्यांच्या फोनमध्ये चाचणीचा पडदा उघडतो. सॅमसंगमध्ये त्यासाठी *#००११# आणि आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* असे दाबून कॉलचे बटण दाबावे लागते. या पडद्यांवर फक्त वाचायचे. समजत नाही ते बटण तिथे दाबू नये.

आकडा ऋण असतो, म्हणजे −८५ हा −१०५ पेक्षा चांगला. ४जीसाठी ढोबळ मोजमाप असे धरावे: −९० किंवा त्याहून चांगला आकडा म्हणजे उत्तम, −१०० च्या आसपास कामचलाऊ, −११० च्या पुढे बोलणे तुटू लागते आणि −१२० ला फोन जवळजवळ बहिरा होतो. हे माप साध्या फूटपट्टीसारखे नाही. दर १० अंकांना लहरीची शक्ती दहापट बदलते. म्हणजे खिडकीत −९० आणि आतल्या खोलीत −११० आले तर आत पोचणारी शक्ती खिडकीतल्या शक्तीच्या शंभरावा हिस्सा आहे. उलट ३ अंकांचा फरक कागदावर दुप्पट-निम्मा असला तरी व्यवहारात त्याकडे दुर्लक्ष करावे, कारण फोन नुसता कुशीवर वळवला तरी तेवढा फरक पडतो.

आकडा सतत हलत असतो, म्हणून एका जागी फोन टेबलावर ठेवून अर्धा मिनिट थांबावे आणि बहुतांश वेळ जो दिसतो तो कागदावर लिहावा. घरातल्या तीन-चार जागा अशा मोजाव्यात: दारात, स्वयंपाकघरात, झोपण्याच्या खोलीत, गच्चीवर किंवा अंगणात. आकड्यासमोर ४जी, ५जी की २जी हेही लिहावे. २जी आणि ४जी यांच्या आकड्यांची तुलना मात्र करू नये. ४जीचा आकडा वेगळ्या पद्धतीने मोजला जातो आणि त्याच जागी तो २जीपेक्षा बराच खाली दिसणे स्वाभाविक असते.

अदलाबदलीची परीक्षा

आता निदानाचा गाभा. त्यासाठी जुना फोन, घरातल्या कोणाचा तरी त्याच कंपनीचे सिम असलेला फोन आणि दुसऱ्या कंपनीचे एक सिम एवढे साहित्य पुरते.

टेबलावर एक जागा ठरवावी आणि नव्या फोनचा आकडा लिहावा. मग फोन बंद करून तेच सिम जुन्या फोनमध्ये घालावे आणि त्याच जागी, त्याच बाजूने ठेवून पुन्हा मोजावे. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर फोन निर्दोष आहे. जागा किंवा कंपनी बघावी लागेल. जुन्यात आकडा चांगला आणि नव्यात सातत्याने आठ-दहा अंकांनी खाली असेल, तर नव्या फोनचे कव्हर, सेटिंग आणि शेवटी अँटेना असा क्रम धरावा. त्यानंतर दुसऱ्या कंपनीचे सिम नव्या फोनमध्ये घालून पाहावे. त्यावर रेंज ठणठणीत आली तर अँटेना काम करतो आहे हे बऱ्यापैकी ठरते आणि तुमच्या कंपनीचा त्या भागातला टॉवर किंवा तुमचे सिम यांच्याकडे बोट जाते.

या परीक्षेत एक खाच आहे. एकाच कंपनीचे टॉवर एकाच वेळी अनेक पट्ट्यांवर, म्हणजे ‘बँड’वर चालतात. ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते आणि भिंतींतून बऱ्यापैकी पार होते. २३०० ची लहर जवळ भरपूर माल वाहते, पण भिंतीपाशी दमते. जुना फोन ८५० वर आणि नवा २३०० वर बसला असेल तर नव्याचा आकडा खाली दिसेल आणि इंटरनेट मात्र त्यावरच वेगवान असेल. चाचणीच्या पडद्यावर बँडचा क्रमांक दिसतो: ५ म्हणजे ८५०, ८ म्हणजे ९००, ३ म्हणजे १८००, १ म्हणजे २१०० आणि ४० म्हणजे २३००. दोन्ही फोन एकाच बँडवर असतानाची तुलनाच खरी धरावी.

आधी कव्हर काढा

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या मावशीच्या नव्या फोनची तक्रार मी तीन दिवस फोनवरून ऐकत होतो. ओटीवर बोलणे होई, माजघरात गेले की तुटे. जुन्या फोनवर माजघरातही बोलता येई. ‘तुम्ही शहरातली माणसे नुसते बदल म्हणता, माझा जुनाच बरा होता,’ असे ती म्हणाली आणि मलाही क्षणभर तसेच वाटले. शनिवारी गेलो तेव्हा ओटीवर आकडा −१०१ आणि माजघरात −११४ होता. फोन हातात घेतल्यावर तो नेहमीपेक्षा जड वाटला. भाच्याने हौसेने घेतलेल्या कव्हरच्या आत, गाडीतल्या चुंबकाच्या स्टँडसाठी, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या लोखंडी पत्र्याच्या दोन चकत्या चिकटवलेल्या होत्या, त्याही बरोबर वरच्या कडेला. कव्हर काढून फोन त्याच फडताळावर ठेवला आणि आकडा −१०६ वर आला. मावशीच्या घरी चारचाकी नाही.

फोनचे अँटेना त्याच्या कडांमध्ये, विशेषतः वरच्या आणि खालच्या बाजूला असतात. धातूच्या चौकटीवर ज्या बारीक रेषा दिसतात त्या शोभेच्या नसतात. धातूचे तुकडे एकमेकांपासून वेगळे राखून त्यांचाच अँटेना म्हणून उपयोग व्हावा यासाठी त्या असतात. तिथे धातू, चुंबक, अंगठी-स्टँड किंवा घट्ट मूठ आली की रेंज पडते. २०१० साली आयफोन ४ च्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर बोट टेकले की रेंज ढासळते म्हणून जगभर गदारोळ झाला होता आणि कंपनीला ग्राहकांना फुकट कव्हरे वाटावी लागली होती. ते कव्हर अर्थात रबरी होते. तेव्हा धातूचे कव्हर, चमकदार धातूचा मुलामा असलेले कव्हर, पाठीमागे ठेवलेली एटीएम कार्डे हे सर्व काढून एकदा मोजावे. आडवा फोन दोन्ही हातांच्या मुठीत धरून व्हिडिओ पाहणाऱ्यांनी पकड बदलूनही पाहावे.

सिम आणि त्याचा ट्रे

घरातले सिम सात-आठ वर्षांपूर्वीचे असेल तर त्याचा इतिहास आठवावा. मोठे सिम दुकानात कटरने कापून बारीक करून घेण्याची रीत होती. कापल्याने लांबी-रुंदी बरोबर येते, जाडी येत नाही. मोठे आणि मायक्रो सिम ०.७६ मिलिमीटर जाड, तर नॅनो सिम ०.६७ मिलिमीटर. एवढ्याशा फरकाने कापलेले सिम ट्रेमध्ये घट्ट बसते, सोनेरी पट्टीवर संपर्क कधी होतो कधी नाही, आणि फोन खिशात हलला की ‘सिम नाही’ अशी पाटी येते. त्यातून ते सिम ३जीच्या काळातले असेल तर ४जी त्यावर चालेलच असे नाही. ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात जावे आणि त्याच क्रमांकाचे नवे सिम घ्यावे. खर्च नाममात्र असतो. वर सांगितलेले एसएमएसचे २४ तास तेवढे ध्यानात ठेवावे आणि बँकेचे काम त्या दिवशी काढू नये.

सिम चांगले असेल तरी एकदा ट्रे काढून सोनेरी भाग कोरड्या मऊ कापडाने पुसावा. दोन सिमच्या फोनमध्ये दोघांची जागा बदलून पाहावी. दोन सिमच्या नेहमीच्या फोनमध्ये एका सिमवर बोलणे चालू असताना दुसरे ‘पोहोच क्षेत्राबाहेर’ असल्याचे ऐकू येते, हा दोष नसून त्या रचनेची मर्यादा आहे.

सेटिंगमध्ये काय पाहावे

सुरुवात विमान-मोडने करावी: तो चालू करून अर्धा मिनिट थांबावे आणि बंद करावा. फोन टॉवरकडे नव्याने नोंदणी करतो आणि प्रवासात दूरच्या टॉवरला चिकटून राहिलेला फोन जवळच्याकडे येतो. मग सॉफ्टवेअरचे प्रलंबित अपडेट उतरवावे, कारण नव्याने बाजारात आलेल्या फोनच्या पहिल्या अपडेटमध्ये नेटवर्कच्या दुरुस्त्या असणे नेहमीचे आहे.

यानंतर ‘व्होल्टी’ म्हणजे ४जीवरून बोलण्याची सोय चालू आहे का ते पाहावे. जिओचे जाळे २०१६ मध्ये सुरू झाले तेव्हापासूनच त्यात २जी आणि ३जी नाही. व्होल्टी बंद असेल तर जिओवर साधा कॉलच होणार नाही, दांड्या कितीही असोत. एअरटेल आणि व्हीआय यांनी २जी ठेवले आहे, त्यामुळे व्होल्टी बंद असताना कॉल २जीवर उतरतो, लागायला वेळ घेतो आणि तेवढा वेळ इंटरनेट थांबते. इथेच एक इशारा: चाचणीच्या पडद्यावरून ‘फक्त एलटीई’ (म्हणजे फक्त ४जी) निवडण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. वेग वाढल्यासारखा वाटतो खरा, पण ४जी जिथे पोचत नाही तिथे २जीवर उतरण्याची वाटही त्याने बंद होते. गावाकडे जाणाऱ्याने हा उद्योग करू नये.

५जीचा पर्याय मात्र विचारपूर्वक हाताळावा. भारतात ५जी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाले आणि त्याचा मोठा भार ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या पट्ट्यावर आहे. ही लहर सिमेंटच्या दोन भिंती ओलांडताना थकते. घरात ५जी कसेबसे मिळत असेल तर फोन दिवसभर ५जी आणि ४जी यांच्यात उड्या मारतो, प्रत्येक उडीला इंटरनेट क्षणभर अडखळते आणि बॅटरी खर्च होते. ‘पसंतीचे नेटवर्क’ या ओळीत ४जी/३जी/२जी ऑटो असा पर्याय आठवडाभर ठेवून पाहावा. नव्या फोनला रेंज नाही असे म्हणणाऱ्या कित्येकांचा जुना फोन ४जीचा होता, आणि नवा केवळ ५जीच्या मागे धावत असतो.

नेटवर्कची निवड ‘ऑटोमॅटिक’वरच ठेवावी, कोणीतरी ती हाताने एका नावावर बांधून ठेवली असेल तर मोकळी करावी. एवढ्याने जमले नाही तर ‘नेटवर्क सेटिंग रीसेट’ हा शेवटचा उपाय आहे. त्याने फोटो किंवा संपर्क जात नाहीत, पण वाय-फायचे सगळे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात, म्हणून घरचा पासवर्ड आधी कागदावर उतरवून ठेवावा.

घर, डोंगर आणि टॉवर

अदलाबदलीत सर्व फोन सारखेच कमजोर निघाले तर जागेचा विचार करावा. जांभ्याच्या जाड भिंती, वर पत्रे, लोखंडी शटर, आधुनिक इमारतींच्या उष्णता रोखणाऱ्या काचा (यांवर धातूचा अतिसूक्ष्म थर असतो), तळघरातली पार्किंग आणि लिफ्ट हे लहरीचे नेहमीचे शत्रू आहेत. पत्र्याच्या छपराखाली लहर येते ती दारा-खिडक्यांतूनच. कोकणात आणि घाटमाथ्यावर याहून मोठा अडसर डोंगराचा असतो. वाडी दरीत आणि टॉवर सड्यापलीकडे असेल तर मधल्या कड्याची सावली पडते आणि पन्नास पावले चढल्यावर पूर्ण रेंज येते; गावोगावी रेंजचा एक ठरलेला दगड किंवा आंब्याचे झाड असते ते यामुळेच.

पावसाळ्यात रेंज जाते तेव्हा पावसाच्या थेंबांना दोष देण्याचे कारण नाही. आपल्या फोनच्या लहरींना ते फारसे अडवत नाहीत. वीज जाते, टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपतात आणि डिझेल पोचलेले नसते. भिजलेली दाट झाडी थोडीफार लहर शोषते, एवढेच. वीज गेल्यावर दोन-तीन तासांनी रेंज जाते आणि वीज आल्यावर परत येते असे दिसले, तर तुमच्या फोनचे काहीही बिघडलेले नाही.

आपल्या भागात कोणाचे टॉवर आहेत हे पाहण्यासाठी दूरसंचार विभागाचे ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ आहे. शिवाय ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला आपल्या संकेतस्थळावर २जी, ४जी, ५जी यांचा नकाशा द्यावा लागतो. नकाशात रंग भरलेला असला तरी तो घराबाहेरचा धरावा, माजघरातला नव्हे.

घरी ब्रॉडबँड असेल तर यावरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय ‘वाय-फाय कॉलिंग’ हा आहे. जिओ आणि एअरटेल यांनी ही सोय २०१९-२० च्या हिवाळ्यात सुरू केली. सिमच्या सेटिंगमध्ये तो पर्याय चालू केला की रेंज नसलेल्या खोलीतही आपल्याच क्रमांकावरून नेहमीसारखा कॉल येतो आणि जातो. वेगळे ॲप लागत नाही, देशातल्या कॉलला वेगळे पैसेही लागत नाहीत. वरच्या पट्टीवर वाय-फाय कॉलिंगची खूण दिसली म्हणजे जमले. हाताशी ब्रॉडबँड असताना तळघरात रेंज शोधत फिरणाऱ्यांचे मला नेहमी नवल वाटते.

‘सिग्नल बूस्टर’ मात्र विकत घेऊ नये. ऑनलाइन तो दोन-तीन हजारांपासून मिळतो, विकणारा छातीठोकपणे हमी देतो, पण परवान्याशिवाय असे यंत्र बसवणे भारतात बेकायदा आहे. कारणही योग्य आहे: ते यंत्र तुमच्या खोलीतली लहर वाढवताना टॉवरच्या कानात गोंगाट करते आणि आसपासच्या शंभर घरांचे कॉल तुटू लागतात. दूरसंचार विभागाची पथके मोजमापाची साधने घेऊन अशी यंत्रे शोधून जप्त करतात. सोसायटीच्या तळघरात किंवा मोठ्या कार्यालयात रेंज हवी असेल तर कंपनीकडेच लेखी मागणी करावी. आतले अँटेना तिने बसवायचे असतात.

परदेशातून आलेला फोन

मुलगी अमेरिकेहून येताना फोन घेऊन येते आणि इथे त्यावर रेंज मिळत नाही, हा प्रसंग मराठी घरांत आता नवा नाही. तीन गोष्टी पाहाव्यात. फोन तिकडच्या कंपनीने ‘लॉक’ केलेला असेल तर इथले सिम त्यात चालणारच नाही; तो तिकडूनच उघडून घ्यावा लागतो. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना सिमचा ट्रेच नाही, म्हणजे इथे ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच नोंदवले जाणारे सिम, घ्यावे लागेल. तिसरी गोष्ट बँडची: मॉडेल क्रमांक फोनविषयीच्या पानावर पाहून कंपनीच्या संकेतस्थळावर ३, ५, ८, ४० हे ४जी बँड आणि ५जीचा ७८ क्रमांकाचा बँड त्यात आहेत का ते तपासावे. बीएसएनएलचे सिम वापरणाऱ्यांनी २८ हा ७०० मेगाहर्ट्झचा बँडही पाहावा, कारण तिचे ४जी त्यावर आहे. सर्व बँड असूनही काही परदेशी मॉडेलांत इथल्या कंपनीसाठी व्होल्टी सुरू होत नाही, आणि मग इंटरनेट चालते पण कॉल लागत नाही.

जुना म्हणून घेतलेल्या फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, हाही तपासावा. *#०६# दाबल्यावर तो दिसतो आणि ‘संचार साथी’ संकेतस्थळावर त्याची वैधता पाहता येते. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन कोणत्याही भारतीय जाळ्यावर चालत नाही, सिम कितीही बदलले तरी.

कंपनीकडे, आणि शेवटी सर्व्हिस सेंटरमध्ये

दोष टॉवरचा वाटला तर १९८ वर तक्रार नोंदवावी आणि मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. ‘रेंज नाही’ एवढे न सांगता जागा, वेळ, ४जी की ५जी आणि कागदावरचे आकडे सांगावेत. ‘सकाळी आठला स्वयंपाकघरात −११८, गच्चीवर −१०३’ अशा तक्रारीची दखल वेगळी घेतली जाते. निराकरण झाले नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि त्यांना ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो.

कंपनीच बदलायची ठरली तर शेजाऱ्याचे सिम आपल्या फोनमध्ये घालून आपल्याच घरात एक दिवस पाहावे आणि मगच ‘पोर्ट’ हा इंग्रजी शब्द व आपला क्रमांक १९०० वर पाठवावा. मिळणारा संकेतांक चार दिवस चालतो. नुकतेच सिम बदलून घेतले असेल तर जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार सात दिवस तो संकेतांक मिळत नाही, तेव्हा ‘नवे सिम की नवी कंपनी’ हे आधी ठरवावे. मुंबई, नवी मुंबई, कल्याण हे एक सर्कल (म्हणजे दूरसंचार सेवेचा विभाग) आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरे. एकाच सर्कलमध्ये क्रमांक तीन कामकाजी दिवसांत बदलतो, सर्कल ओलांडताना पाच लागतात.

आणि सर्व परीक्षांनंतर बोट फोनकडेच राहिले, म्हणजे कव्हर काढलेले, सेटिंग तपासलेले, एकाच बँडवर दोन वेगळ्या सिमवर जुन्यापेक्षा दहा अंकांनी कमी, तर आकड्यांचा कागद आणि दोन्ही फोनच्या पडद्यांचे स्क्रीनशॉट घेऊन विक्रेत्याकडे जावे. मुदत शिल्लक असेल तर ‘आधी सर्व्हिस सेंटरला दाखवा’ असे सांगून ती उलटू देण्याचा प्रयत्न होतो. अशा वेळी बदलून देण्याची मागणी त्याच दिवशी ईमेलने किंवा ॲपमधून लेखी नोंदवावी. मुदत उलटली असेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये जमापत्रकावर ‘सॉफ्टवेअर अपडेट’ एवढेच लिहून न घेता ‘दोन्ही सिमवर सिग्नल कमी, तुलनेचे आकडे सोबत’ असे लिहायला लावावे. विक्रेता किंवा कंपनी दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. फोन तिथे सोपवण्यापूर्वी फोटो आणि संपर्क यांची प्रत काढावी, पैशांची ॲप काढून टाकावीत, सिम आणि मेमरी कार्ड आपल्याजवळ ठेवावे, आणि परत आणल्यावर दुकानाच्या काउंटरवर मोजण्यात वेळ न घालवता घरी येऊन आधीच्याच टेबलावर, आधीच्याच बाजूने ठेवून पुन्हा एकदा आकडा लिहावा.